'आमेन' आणि आपले 'इमान'



रविवारच्या एका मिस्सेत आपण 'आमेन' हा शब्द किती वेळा उच्चारतो, हे कधी मोजून पाहिले आहे का? आमच्या अभ्यासगटाने एका रविवारी मोजले. क्रुसाची खूण करताना, क्षमायाचनेनंतर, महिमा-स्तोत्राच्या शेवटी, धर्मगुरूंच्या प्रत्येक प्रार्थनेनंतर, विश्वासांगीकाराच्या शेवटी, ख्रिस्तशरीर स्वीकारताना आणि अखेरच्या आशीर्वादाला, असे मिळून दहा-बारा वेळा तरी हा शब्द आपल्या तोंडी येतो. त्यानंतर घरची रोझरी, जेवणापूर्वीची प्रार्थना, आजाऱ्याच्या उशाशी केलेली प्रार्थना, दफनभूमीतील शेवटची प्रार्थना हे सर्व वेगळेच. ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात 'आमेन' इतका वापरलेला दुसरा शब्द क्वचितच असेल.

परंतु मोजणी झाल्यावर गटातील एका आजींनी विचारले, "म्हणतो खरे, पण म्हणतो म्हणजे नक्की काय म्हणतो?" कोणी म्हणाले, 'तसे होवो'. कोणी म्हणाले, 'प्रार्थना संपली असे सांगण्याची ती खूण'. पहिले उत्तर अर्धे बरोबर आहे, दुसरे चूक आहे. आजींच्या त्या प्रश्नावरूनच हा पाठ तयार झाला.

१. शब्दाचे मूळ

'आमेन' हा शब्द मराठी नाही, लॅटिन नाही आणि ग्रीकही नाही. तो हिब्रू आहे, म्हणजे जुन्या कराराच्या भाषेतला. हिब्रू भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळापासून तयार होतात. 'आमेन'चे मूळ 'अ-म-न' असे आहे आणि त्याचा मूळ अर्थ भक्कम असणे, टिकून राहणे, भार पेलणे. हे समजण्यासाठी बायबलमध्ये या मुळापासून झालेले इतर शब्द कोठे येतात ते पाहू या.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात (१८:१६) हिज्कीया राजा मंदिराच्या दारांवरील आणि दारांच्या खांबांवरील सोने काढून अश्शूरच्या राजाला देतो. तेथे खांबांसाठी आलेला शब्द याच मुळाचा आहे. दाराचा भार पेलतो तो खांब. रूथच्या पुस्तकात (४:१६) नामी आपल्या नातवाला उराशी धरते आणि त्याची दाई होते. तेथे 'दाई' या अर्थी आलेला शब्दही याच मुळाचा आहे. मूल जिच्या कडेवर निर्धास्त झोपते ती दाई. निर्गमच्या पुस्तकात (१७:१२) अमालेकाशी लढाई चालू असताना मोशेचे वर केलेले हात थकतात, तेव्हा अहरोन आणि हूर दोन बाजूंनी त्यांना आधार देतात आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहतात. त्या स्थिरपणासाठी वापरलेला 'एमुना' हा शब्दही याच घरातला. पुढे हाच शब्द हिब्रूत 'विश्वासूपणा' आणि 'विश्वास' यांसाठी रूढ झाला. 'सत्य' या अर्थाचा हिब्रू शब्द 'एमेत' हादेखील याच मुळातून आलेला आहे.

दाराचा खांब, दाईची कड आणि आधार दिलेले हात ही तीन चित्रे डोळ्यांसमोर ठेवली की 'आमेन'चा अर्थ कळू लागतो. 'हे भक्कम आहे, यावर मी माझा भार टाकतो,' असे आपण म्हणत असतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात (१५:६) अब्राहामने देवावर विश्वास ठेवला असे सांगितले आहे. तेथील हिब्रू क्रियापदही 'अ-म-न' या मुळाचेच आहे. अब्राहाम म्हातारा, पत्नी वांझ, वर आकाशात तारे; आणि देव म्हणतो, तुझी संतती इतकी होईल. अब्राहामने त्या शब्दावर आपला भार टाकला. एका अर्थी बायबलमधले ते पहिले 'आमेन' होय, जरी तेथे तो शब्द त्या रूपात आलेला नसला तरी.

२. 'आमेन' आणि 'इमान' ही भावंडे

आता एक गंमत पाहा. हिब्रू आणि अरबी या एकाच सेमिटिक कुळातील भाषा आहेत. अरबी भाषेतही 'अ-म-न' हेच मूळ आहे आणि त्यापासून झालेले कितीतरी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले, येथेच रुळले आणि आपलेच झाले.

'इमान' हा त्यांपैकी एक. मूळ अरबी अर्थ 'श्रद्धा'. मराठीत तो 'प्रामाणिकपणा, निष्ठा' या अर्थाने स्थिरावला. 'इमानाने काम करणारा माणूस', 'कुत्र्यासारखे इमानी जनावर नाही', 'बेइमान निघाला' असे आपण रोज बोलतो. दुसरा शब्द 'अमानत', म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली ठेव. मराठीत अक्षरांची अदलाबदल होऊन त्याचे 'अनामत' झाले. निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते ती अनामत रक्कम, घर भाड्याने घेताना मालकाकडे ठेवावी लागते तीही अनामत रक्कम. तेव्हा 'आमेन', 'इमान' आणि 'अनामत' हे तीन शब्द एकाच मुळाची भावंडे आहेत. आपण चर्चमध्ये एकाला भेटतो, कामावर दुसऱ्याला आणि घरमालकाच्या दारी तिसऱ्याला. ओळख मात्र कोणाची पटत नाही.

आपले मुस्लिम बांधव प्रार्थनेच्या शेवटी 'आमीन' म्हणतात, तोही हाच शब्द आहे. ज्यू बांधव सभास्थानात 'आमेन' म्हणतात. केरळातील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती आपल्या सिरियाक उपासनेत 'आमीन' म्हणत आले आहेत आणि रशियन ख्रिस्ती माणूसही जवळजवळ तसाच उच्चार करतो. जगातील इतक्या वेगवेगळ्या लोकांच्या ओठांवर प्रार्थनेच्या क्षणी एकच शब्द यावा, ही लहान गोष्ट नव्हे.

दोन गैरसमज येथेच दूर करू. प्राचीन इजिप्तमधील 'आमून' या दैवताच्या नावावरून 'आमेन' आला, असे काही जण सांगतात. त्या नावाचा इजिप्शियन अर्थ 'दडलेला' असा आहे. आपल्या शब्दाचा अर्थ 'भक्कम' आहे. ध्वनी सारखा असला म्हणून नाते जुळत नाही. दुसरे काही 'ओम्'शी संबंध जोडतात. 'ओम्' हे होकाराचे अक्षर असल्याचे छांदोग्य उपनिषदात सांगितले आहे, त्यामुळे वापरात थोडे साम्य दिसते. परंतु संस्कृत आणि हिब्रू ही वेगळी भाषाकुळे आहेत आणि हे दोन शब्द स्वतंत्रपणे जन्मले आहेत.

'तथास्तु' आणि 'आमेन' यांतला फरकही लक्षात ठेवण्यासारखा आहे. 'तथास्तु' वर देणारा म्हणतो, म्हणजे तो वरून खाली येतो. 'आमेन' मात्र हात पसरलेला माणूस म्हणतो, म्हणून तो खालून वर जातो.

३. जुन्या करारातील 'आमेन'

जुन्या करारात हा शब्द केवळ प्रार्थनेचा नाही. तो शपथेचा आणि कराराचा शब्द आहे. अनुवादच्या २७व्या अध्यायात लेवी मोठ्याने एकेक शाप वाचतात. शेजाऱ्याच्या शेताची सीमा सरकवणारा, आंधळ्याला वाट चुकवणारा, परका, अनाथ आणि विधवा यांचा न्याय बिघडवणारा शापित असो, असे ते म्हणतात. प्रत्येक वाक्यानंतर सर्व लोक 'आमेन' म्हणतात, असे बारा वेळा. म्हणजे लोक स्वतःला बांधून घेतात: मी हे केले तर हा शाप माझ्यावर येवो.

यिर्मयाच्या २८व्या अध्यायात वेगळाच प्रसंग आहे. हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना गोड बातमी देतो की, दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल आणि मंदिरातून नेलेली पात्रे परत येतील. यिर्मया म्हणतो, 'आमेन, देव तसेच करो.' पण तेथेच न थांबता तो सांगतो की, शांतीचे भाकीत खरे ठरल्यावरच तो संदेष्टा देवाने पाठवलेला होता हे कळते. पुढे हनन्याचे बोलणे खोटे ठरले. यिर्मयाची इच्छा लोकांच्या इच्छेपेक्षा वेगळी नव्हती; पण इच्छेला 'आमेन' म्हणणे वेगळे आणि खोट्याला मान डोलावणे वेगळे, हे त्याने जाणले. सभेत, समितीत किंवा घरच्या बैठकीत सगळे मान डोलावतात म्हणून आपणही डोलावतो, तेव्हा यिर्मयाची आठवण व्हावी.

आणि नहेम्याचा पाचवा अध्याय. ख्रिस्तपूर्व ४४५च्या सुमारास नहेम्या यरुशलेमचा तट बांधण्यासाठी आला. दुष्काळ होता. राजाचा कर भरण्यासाठी आणि धान्यासाठी गरिबांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली होती. काहींवर मुले-मुली गुलामीत देण्याची वेळ आली होती. सावकार परके नव्हते, आपलेच भाऊबंद होते. नहेम्या संतापला. त्याने सर्वांसमोर त्यांना जाब विचारला आणि शेते, मळे, घरे व घेतलेले व्याज परत करायला सांगितले. ते कबूल झाले. तेव्हा त्याने धर्मगुरूंना बोलावून त्यांना शपथ घ्यायला लावली आणि आपल्या वस्त्राचा पदर झटकून म्हटले की, जो हे वचन पाळणार नाही त्याला देव असाच झटकून टाको. सर्व मंडळी म्हणाली, 'आमेन'. त्यापुढे बायबलमध्ये एक साधे वाक्य आहे. त्याचा आशय असा की, लोकांनी दिलेल्या वचनाप्रमाणे केले.

हा उतारा वाचून झाल्यावर आमच्या गटात काही वेळ कोणी बोलले नाही. कारण स्पष्ट होते. बांधावरून, वाडीच्या वाटणीवरून, सातबाऱ्यावरच्या नावावरून ज्यांच्या घरी भावाभावांत बोलणे बंद आहे अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत. ते दोघे भाऊ एकाच मिस्सेत, वेगवेगळ्या बाकांवर बसून, एकाच प्रार्थनेला 'आमेन' म्हणतात. हे आम्ही कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. गटातील आम्हांपैकी काहींनाही ते लागू आहे. ज्या शब्दाने नहेम्याच्या काळी गहाण पडलेली शेते परत मिळाली, तोच शब्द आपण दर रविवारी उच्चारतो, एवढेच आम्हांला त्या दिवशी जाणवले.

४. प्रभू येशूचे 'आमेन'

'आमेन' नेहमी शेवटी येतो. दुसऱ्याचे बोलणे ऐकून घ्यायचे आणि मग त्याला दुजोरा द्यायचा. प्रभू येशूने मात्र हा क्रम उलटा केला. तो बोलण्याच्या आरंभीच 'आमेन' म्हणतो आणि मग सांगतो. जुन्या मराठी बायबलमध्ये त्या जागी 'खचीत' हा शब्द घातलेला आहे, त्यामुळे वाचताना आपल्या ते लक्षात येत नाही. ग्रीक शुभवर्तमानात तेथे सरळ 'आमेन' आहे. संत योहानाच्या शुभवर्तमानात तर प्रभू दर वेळी दोनदा 'आमेन' म्हणतो, आणि तेही पंचवीस वेळा.

संदेष्टे आपल्या बोलण्याला परमेश्वराचा आधार देत: 'परमेश्वर असे म्हणतो.' प्रभू येशू म्हणतो, 'आमेन, मी सांगतो.' त्याचा शब्दच भार पेलणारा खांब आहे. आणि हा शब्द तो कोणासाठी वापरतो पाहा. दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेविषयी बोलताना, लहानातल्या लहानासाठी केले ते माझ्यासाठीच केले असे सांताना, पेत्राला 'तू मला नाकारशील' असे बजावताना, आणि अखेर क्रुसावरून शेजारच्या गुन्हेगाराला सुखलोकाचे वचन देताना. त्या गुन्हेगाराजवळ प्रभूचा शब्द सोडून भार टाकायला दुसरे काहीच उरले नव्हते.

म्हणूनच संत पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१:२०) सांगतो की, देवाची सर्व वचने ख्रिस्ताच्या ठायी 'होय' अशी आहेत आणि त्याच्याद्वारे आपण देवाच्या गौरवासाठी 'आमेन' म्हणतो. प्रकटीकरणात (३:१४) तर ख्रिस्ताचे नावच 'आमेन' असे दिले आहे.

पवित्र मरियेचीही आठवण येथे केली पाहिजे. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी 'आमेन'च्या जागी 'तसे होवो' या अर्थाचा ग्रीक शब्द योजला. संत लूकने गाब्रिएल दूताला मरियेने दिलेले उत्तर लिहिताना (१:३८) तोच ग्रीक शब्द वापरला आहे. नाझरेथच्या त्या मुलीने पुढचे काहीच ठाऊक नसताना आपला सारा भार देवाच्या शब्दावर टाकला.

५. ख्रिस्तसभेचे 'आमेन'

पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हा हिब्रू शब्द भाषांतर न करता तसाच ठेवला. संत ऑगस्टीन सांगतात की, 'आमेन' आणि 'आलेलुया' यांचे भाषांतर करता आले असते, पण त्यांच्या पवित्र अधिकारामुळे त्यांचे प्राचीन रूप जपले गेले. सुमारे इ.स. १५५मध्ये संत जस्टिन यांनी मिस्सेचे वर्णन लिहिले. त्यात ते म्हणतात की, प्रमुख आभारप्रार्थना करतो आणि सर्व लोक 'आमेन' म्हणून संमती देतात. रोमच्या मंदिरांतील 'आमेन' आकाशातील गडगडाटासारखा दुमदुमतो, असे संत जेरोम यांनी लिहून ठेवले आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या काळी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि पुढे मिस्सा मराठीत आली. जवळजवळ सर्व शब्द बदलले. 'आमेन' मात्र तसाच राहिला. लोकभाषेची गरज संत पौलाने आधीच सांगितली होती. न समजणाऱ्या भाषेत आभारप्रार्थना केली तर साधा माणूस तिला 'आमेन' कसे म्हणेल, असे तो विचारतो (१ करिंथ १४:१६). आता भाषा समजते. लक्ष असते का, हा प्रश्न आपला आपणच सोडवायचा आहे.

ज्यू धर्मगुरूंनी या बाबतीत फार मार्मिक शिकवण दिली आहे. 'आमेन' तीन प्रकारे बिघडतो, असे ते म्हणत. घाईने अर्धवट उच्चारलेला, शेवट तोडलेला आणि 'पोरका'. कोणती प्रार्थना चालली आहे हे ठाऊक नसताना म्हटलेला 'आमेन' तो पोरका 'आमेन'. त्याला आई-बाप नाहीत. रविवारी मनात दुपारच्या जेवणाचा किंवा उद्याच्या गाडीचा विचार चालू असताना आपल्या तोंडून किती पोरके 'आमेन' बाहेर पडतात!

मिस्सेतील दोन 'आमेन' विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला महा-आमेन. धर्मगुरू ख्रिस्तशरीर आणि रक्ताचा प्याला उंच धरून, ख्रिस्ताच्या द्वारे, ख्रिस्तासह आणि ख्रिस्ताच्या ठायी पित्याला सर्व गौरव अर्पण करतात. ते शब्द धर्मगुरूंनीच म्हणायचे असतात. आपला वाटा म्हणजे 'आमेन'. संपूर्ण महाप्रार्थनेवर भाविकांनी उमटवलेली ती मोहोर आहे. म्हणून तो पुटपुटू नये, मोठ्याने म्हणावा किंवा गावा.

दुसरा, ख्रिस्तशरीर स्वीकारतानाचा. संत ऑगस्टीन यांनी नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना समजावले की, 'ख्रिस्ताचे शरीर' हे शब्द तुम्ही ऐकता आणि 'आमेन' म्हणता. तर तुमचा 'आमेन' खरा ठरावा म्हणून तुम्ही ख्रिस्तशरीराचे अवयव व्हा. 'आमेन' म्हणणे म्हणजे सही करणे, असेही ते सांगत. आपण बँकेच्या कागदावर वाचल्याशिवाय सही करत नाही. येथे मात्र रांगेत पुढे सरकत, पुढच्याच्या पाठीकडे पाहत, सही करून मोकळे होतो. त्या सहीने आपण दोन गोष्टी मान्य करतो: हे प्रभूचे शरीर आहे, आणि या रांगेतील प्रत्येक जण त्याच शरीराचा अवयव आहे. माझ्याशी न बोलणारा भाऊही.

एक लहान शंका अनेक जण विचारतात. मिस्सेत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' या प्रार्थनेनंतर 'आमेन' का म्हणत नाहीत? कारण तेथे प्रार्थना संपत नाही. धर्मगुरू तीच पुढे नेतात आणि सर्व वाइटापासून सुटका मागतात. घरी ही प्रार्थना म्हणताना मात्र 'आमेन' म्हणावा.

६. समारोप

कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (१०६१ ते १०६५) विश्वासांगीकाराच्या स्पष्टीकरणाचा शेवट 'आमेन' या शब्दाच्या स्पष्टीकरणाने केला आहे. 'मी विश्वास ठेवतो' या शब्दांनी सुरुवात होते आणि 'आमेन'ने शेवट होतो. हिब्रूत दोन्हींचे मूळ एकच. म्हणजे शेवट हा आरंभाचाच पुन्हा उच्चार आहे.

देवाने आपल्याला श्रद्धा दिली ती अनामत म्हणून. ती आपण इमानाने सांभाळायची आहे. चर्चमध्ये 'आमेन' आणि दाराबाहेर बेइमानी, असे झाले तर एकाच मुळाची दोन भावंडे आपण एकमेकांच्या विरुद्ध उभी केली असे होईल. आपले हात थकतील, हे खरेच. मोशेचेही थकले. तेव्हा दोन्ही बाजूंनी आधार देणारे कोणी लागते, आणि त्यासाठीच तर आपण सर्व मिळून एका छताखाली येतो.

चिंतनासाठी:

- येत्या रविवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी कोणाचे नाव मनात आणून मी 'आमेन' म्हणेन?
- माझ्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या किंवा दीक्षेच्या वेळी दिलेल्या कोणत्या वचनाला मी आज पुन्हा 'आमेन' म्हणायला हवे?
- घरी मुलांना 'आमेन'चा अर्थ मी कसा समजावून सांगेन?

प्रार्थना: हे प्रभो येशू, तूच पित्याचा खरा 'आमेन' आहेस. आमच्या ओठांवरचा शब्द आमच्या हातांत उतरू दे. जे परत द्यायचे आहे ते देण्याचे धैर्य आम्हांला दे, आणि आम्ही डळमळू तेव्हा आमचा भार तू पेल. आमेन.